दुखत नाही ते दाखव

आमच्या झरीच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाई कुणालाही ‘काय दुखतंय?’ असं आधी विचारत नसत. ‘दुखत नाही ते दाखव,’ म्हणत. बाया हसत. मी आशाताई म्हणून नुकतीच लागले होते. मलाही ती त्यांची लकबच वाटायची.

एका सकाळी कपाटात औषधं लावता लावता त्या म्हणाल्या, “माझ्या डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ लागतेय. दुखत नाही.” आवाज रोजचाच होता, गोळ्यांची पाकिटं मात्र उलटीसुलटी लागत होती.

कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. वरोरला त्यांच्या घरी फक्त म्हाताऱ्या सासूबाई, म्हणून मुंबईला सोबत मी गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमची गाठ लहान आहे. ती काढल्यावर, ऑपरेशन चालू असतानाच त्या जागेला एकदाच रेडिएशन देता येईल. नाहीतर नंतर काही आठवडे रोज यावं लागेल.”

“आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट वेगळा आला तर?” सिस्टरबाईंनी विचारलं.

“तर पुढचं रेडिएशनही घ्यावं लागेल.”

“हे आधी सांगितलंत, बरं केलंत,” त्या म्हणाल्या. अर्धवट धीर त्यांना आवडत नसे.

ऑपरेशन झालं. रिपोर्टची वाट पाहत असताना एकदाच त्या मला म्हणाल्या, “मला भीती वाटते गं. बायांना सांगू नकोस.” रिपोर्ट चांगला आला. पुढं रोज जावं लागलं नाही. कामावर आल्यावर मात्र ती भीतीही त्यांनी बायांना स्वतःच सांगून टाकली.

ते ऐकून चार दिवसांनी पाड्यावरची लखमी आली. पदर घट्ट धरून म्हणाली, “मना दुखत नाय, पन गाठ हाय.” वर्षभर लपवली होती. तिची गाठ मोठी, काखेतही पोचलेली. एकदाच्या रेडिएशनवर तिचं भागणार नव्हतं. आधी औषधं, मग ऑपरेशन आणि त्यानंतर काही आठवडे रोज रेडिएशन. लखमीनं एकटीनं मुंबईत राहायला साफ नकार दिला.

सिस्टरबाईंनी शिल्लक रजा टाकली आणि रेडिएशनचे सगळे दिवस तिच्याबरोबर धर्मशाळेत काढले. स्वतःची हॉस्पिटलची जी फेरी टळली होती, ती त्यांनी लखमीसाठी रोज केली. लखमी आज भातशेती करते.

सिस्टरबाईंच्या निवृत्तीच्या दिवशी बाहेर चहा, हार, माणसं होती. त्यांनी मला आत बोलावलं. “तू स्वतःला कधी तपासलंयस?”

मी मान खाली घातली. त्यांनी दाराला कडी लावली. बाहेरून कुणी हाक मारली, “सिस्टरबाई, चहा निवतोय!”

“निवू दे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरून बोटं कशी फिरवायची ते शांतपणे शिकवलं. शेवटी माझा पदर नीट करत म्हणाल्या, “काही नाही. पण हे दर महिन्याला बघायचं, आणि पुढच्या महिन्यात मी इथे नसेन.”