बापूंनी सोडलेला डाव

काल मोबाईलवरच्या बुद्धिबळात मी पुन्हा हरले. डोळे चुरचुरत होते, मान दुखत होती आणि मोबाईल क्षणात उत्तर देत होता. तेव्हा रनाळे गावातल्या आमच्या घराच्या ओसरीवरची साठेक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

मी गावच्या शाळेत शिकवत होते. माझे वडील, बापू, आसपासच्या गावांत बुद्धिबळात कुणाकडून हरले नव्हते. त्या दिवशी ते कपाशीला पाणी देऊन आले होते. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. तरी माझ्याशी डाव मांडला. ते विचार करत असताना मी वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचली, की अमेरिकेत एका यंत्राने माणसाला बुद्धिबळात हरवलं.

बापूंचा हात घोड्यावर थांबला.

"त्या यंत्रले दम लागस का?"

"नई, बापू."

त्यांनी घोड्यावरचा हात काढून घेतला. मग त्यांनी स्वतःचा राजा आडवा केला.

"मी थकी गयू, बाई. तू जितनी."

आणि टॉवेल उशाला घेऊन ते तिथेच आडवे झाले.

सोंगट्या आवरताना मला दिसलं, दोन खेळ्यांत मलाच मात होती. तरी दुसऱ्या दिवशी मी शाळेत सांगितलं, बापूंना हरवलं. कुणीतरी विचारलं तेव्हा बापूंनीही दुजोरा दिला, "खरी गोट शे." नंतर ते कुणाशीच खेळले नाहीत.

बातमीने ते रुसले, असं मला तेव्हा वाटलं. त्यांच्या वयाच्या पुढे आल्यावर आता कळतं, की थकलोय हे त्यांनी एकदाच, मला सांगितलं होतं. आणि मी जिंकल्याचं सांगत फिरले.