रशीदभाईंची कणकेची गोळी

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात होते. समोरच्या वहीत रविवारच्या कामांची यादी लिहून झाली होती : नवे बेअरिंग, ग्रीस, हर्णैच्या मास्तरांचं रीळ उघडणे. शमीमभाभी एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमचे भाई गेले. सकाळी चहा मागितला, आणि..." मी वही मिटली. यादीतलं शेवटचं काम त्यांनी माझी वाट न बघता सुरू करून ठेवलंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नाशिकला समुद्र नाही. तरीही सातपूरला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आठ वर्षं, दर रविवारी, आम्ही दोघं समुद्रावरची रिळं दुरुस्त करत होतो. रीळ म्हणजे मासे पकडायच्या काठीवरचं, दोरी गुंडाळणारं यंत्र. सुरुवात माझ्या चुकीने झाली. माझे वडील दीपगृहावर नोकरीला होते. त्यांच्यामागे बिस्किटाच्या डब्यात त्यांचं रीळ निघालं, मिठाने जाम झालेलं. मी तांब्यापितळेच्या गावातली. भांडं काळं पडलं की चिंच-मीठ लावायचं, हे हाताला सांगावं लागत नाही. रीळही तसंच घासून लख्ख केलं. आठवड्याभरात त्याच्यावर पांढरे फोड आले. मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळते तिथूनच रशीदभाई फिटर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे घेऊन गेले.

"ताई, हा काय न्हाणीतला बंब आहे? अॅल्युमिनियमवर एक कातडी असते, ती तुम्ही सोलून काढली." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बसा. आतलं वाचतंय का बघू."

आतलं वाचलं. वडिलांच्या एका जुन्या सोबत्याला ते दाखवलं आणि कोकणातून एकेक रीळ पार्सलने येऊ लागलं, हर्णैच्या मास्तरांचं त्यातलंच. मी सवयीप्रमाणे यादी केली, नव्याने हे काम शिकणाऱ्याला काय लागेल त्याची. खाचेत घट्ट बसणारे पेचकस, जुना दातांचा ब्रश, पांढरा पंचा, पातळ तेल, खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस... अकरा वस्तू झाल्या. रशीदभाईंनी चष्मा वर करून वाचली. "बारावी लिहा. कणीक."

मला थट्टा वाटली. पण रिळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत. म्हणून भाभींकडून सुपारीएवढी कणकेची गोळी घ्यायची आणि निघालेली स्प्रिंग तिच्यात अंगठ्याने दाबून ठेवायची. भाभी आतून ओरडायच्या, "आधी रिळांना वाढा, माणसं मग जेवतील!" बाकीचे भाग पंच्यावर ओळीने, पण उजवीकडून डावीकडे. "उर्दू शाळेतला आहे मी," ते म्हणायचे. "तुमची यादी तिकडून येऊ दे, माझी इकडून. भेटू मध्ये."

त्यांचा पहिला नियम साधा होता. मिठाने धरलेला भाग ओढायचा नाही, कोमट पाण्यात ठेवायचा. सुटत नसेल तर पाणी बदलायचं, हत्यार नाही. मासा जोरात पळाला तरी दोरी तुटू नये म्हणून आतल्या चकत्या घसरत दोरी सोडतात. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जुन्या चकत्या काढून तिथे कार्बनच्या घालणं, ही आम्ही केलेली सगळ्यात उपयोगी सुधारणा. धुणं, घासणं, ग्रीस, चकत्या, सगळं मी शिकले. फक्त रीळ बंद करायचं काम त्यांनी कधी सोडलं नाही. "बंद मी करणार. तुम्ही भाग मोजा." आठ वर्षांत मी एकही रीळ बंद केलं नव्हतं.

चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी टेबल आवरायला बोलावलं. पंच्यावर मास्तरांचं रीळ उघडं पडलेलं, उजवीकडून डावीकडे. मास्तर फोनवर म्हणाले होते, "सगळं पिशवीत घालून पाठवा. समजलो मी." चाळीस वर्षांचं रीळ भंगारात जाणार, आणि तेही रशीदभाईंच्या टेबलावरून! मी भाभींकडे एक दिवस मागितला.

दुपारपर्यंत रीळ बंद झालं. हँडल फिरवलं. पुढे फिरलं... मागेही फिरलं. हँडल उलटं जाऊ नये म्हणून आत एक कुत्ता, म्हणजे खटका, असतो, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसाच. त्याला रेटणारी स्प्रिंगच नव्हती. ओळीत ती नव्हतीच. ती कुठे असणार हे मला माहीत होतं.

"भाभी, शेवटची गोळी?"

त्या कपाटातून एक डबी घेऊन आल्या. गोळी सुकून दगड झाली होती. वर अंगठ्याचा ठसा, रेघान् रेघ दिसणारा.

"राहू द्या," मी म्हटलं. "स्प्रिंग मी दुसरी वळून घेते."

"दुसरी कशाला?" भाभींचा आवाज कडक झाला. "त्यांनी ती बसवायला ठेवली होती, ताई. कपाटात ठेवायला नाही."

मी हातोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. भाभींनी वाटीत कोमट पाणी आणलं. ठसा आधी पुसट झाला, मग गेला. पाणी दुधासारखं झालं. भाभींनी ते बदललं. तिसऱ्या पाण्याला स्प्रिंग सुटली, चकचकीत. मी रीळ उघडलं, स्प्रिंग बसवली, बंद केलं. हँडल फिरवलं तेव्हा टक टक टक आवाज आला. उलटं फिरवून पाहिलं... हललं नाही. भाभींनी रीळ माझ्या हातातून घेऊन कानाला लावलं, रशीदभाई लावायचे तसं.

मास्तरांना रीळ पोचलं. त्यानंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा टेबलावर पंचा अंथरलेला होता आणि त्याच्या उजव्या टोकाला, मी मागायच्या आधीच, सुपारीएवढी ओली गोळी ठेवलेली होती.