बाबा सांगत होते, आधी अर्थिंग बघ

मंडळी, आज धामणकर नाक्यावर गाडी पुन्हा झटके देऊन बंद पडली. वर्षभर हेच चाललंय. प्लग बदलले, कॉइल बदलली, फरक शून्य.

मेकॅनिक सलीमभाईंनी बॅटरीपासून बॉडीला जाणारी वायर सोडवली. बोल्टखाली नुसता गंज! "अर्थिंग ही नहीं मिल रहा था, भाई." घासून आवळल्यावर इंजिन सुरळीत चालू लागलं.

माझे बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, वायरमन होते. लूम बंद पडला की आधी अर्थिंग तपासायचे. गाडीचंही तेच सांगत होते. मी सगळ्यांसमोर खेकसलो, "बाबा, ही गाडी हाय, लूम न्हाय!" त्यानंतर ते गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

दिवाळीआधी ते गेले.

आज कामतघरला घरी येईपर्यंत इंजिन एकदाही अडखळलं नाही. हे आता कोणाला सांगू?