सायकलची उडी आणि आईची शपथ

मी सायकलवरून पडले तेव्हा खांदा दुखायच्या आधी मनात आलं ते हे, की आता आईला काय सांगायचं.

त्या वर्षांत गुडगावात जिकडे पाहावं तिकडे पाया खणलेला असायचा. काचेच्या इमारतींची तळघरं खोल जात आणि त्यातून निघालेली माती ट्रकवाले शहराच्या कडेला, किकरांच्या, म्हणजे तिकडच्या बाभळींच्या, रानात ओतून जात. एक-दोन पावसाळ्यांत ते ढीग दबून घट्ट झाले होते. रविवारी सकाळी आमच्या ऑफिसातली काही मंडळी गियरच्या सायकली घेऊन तिथे जायची. ढिगाच्या चढावरून वेगाने जायचं आणि पलीकडच्या उतारावर हवेतून उतरायचं, असा तो खेळ. मी आधी नुसती बघायला गेले. मग पगारातून तशी जाड टायरची सायकल घेतली.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा तालुक्याच्या शाळेत शिपाई. फी माफ करणारे मुख्याध्यापक, जुनी पुस्तकं देणाऱ्या बाई, वसतिगृहात जागा मिळवून देणारे सर, अशा माणसांच्या जोरावर मी दिल्लीपर्यंत आले होते. नुसत्या मौजेसाठी काही करायला गेलं की ही सगळी माणसं पाठीमागे उभी राहून बघताहेत असं मला वाटायचं. तरी ढिगावरून सायकल पहिल्यांदा घरंगळत खाली आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात उगीचच हसत होते.

आणि थोड्याच रविवारांनी मी उडी मारायला गेले. कुणी शिकवलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. चढ संपला, पुढचं चाक जमिनीवरून सुटलं, आणि मागून कुणी लाथ घालावी तशी मी वर फेकली गेले. हँडलवरून पुढे जाऊन उजव्या खांद्यावर आपटले. कॉलरबोन मोडला. डॉक्टरांनी हात झोळीत अडकवून दिला आणि खांदा हलवायचा नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी घरी फोन केला.

"सायकलवरून पडले, आई. खांद्याचं हाड मोडलंय."

"गाडीवाल्याने धडक दिली का?"

"नाही गं. सायकल उडवत होते."

"उडवत म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. खेळ असतो तसा."

मग ती म्हणाली, "मी येते."

तोवर आई आमच्या जिल्ह्याच्या बाहेर फारशी गेलेली नव्हती. बाबांना तिच्याशिवाय चहासुद्धा धड करता येत नसे. तरी ती पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ घेऊन एकटी रेल्वेने आली, आणि दिल्लीत मुनिरकातल्या माझ्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीचा तो अंधारा, अरुंद जिना धापा टाकत चढली. खोलीत येऊन आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या केलेल्या सायकलीकडे.

"ही का ती?"

"हो."

"एवढी जाडजूड असून पाडते?"

हात वर होत नव्हता, त्यामुळे माझे कुडते डोक्यातून घालता येईनात. आई घरमालकिणीला बरोबर घेऊन सरोजिनी नगरच्या बाजारात गेली आणि तिथल्या कपड्यांच्या ढिगातून पुढे बटणं असलेले पुरुषी, ढगळ शर्ट निवडून घेऊन आली. "घाल. ऑफिसात कुणी विचारलं तर सांग, फॅशन आहे." ती मला बटणं लावून द्यायची, भाकरीचे तुकडे करून द्यायची, माझी वेणी घालायची. नोकरी लागल्यावर आईला दिल्ली दाखवायची असं मी किती वर्षं मनाशी घोकलं होतं. तिने पाहिली ती मुनिरकाची गल्ली, दवाखाना आणि माझं डोकं.

ते डोकं धुताना तिने शपथ घातली. मी मोरीत स्टुलावर वाकून बसले होते, ती मगने पाणी ओतत होती, डोळ्यांत साबण गेला होता.

"पुन्हा ती सायकल उडवायची नाही."

"बरं."

"बरं नको. माझ्या गळ्याची शपथ घे."

आमच्याकडे अशी शपथ घेताना आपल्याच गळ्याची कातडी दोन बोटांत धरतात. माझा एक हात झोळीत, दुसऱ्याने मी स्टूल धरलेलं. मी तो हात सोडवून गळ्याला लावला आणि म्हणाले, "घेतली. तुझ्या गळ्याची शपथ."

मी विज्ञान शिकले आहे. मी सायकल उडवल्याने माझ्या आईच्या गळ्याला काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या घरात खोटी शपथ कुणी घेत नसे, आणि त्या मोरीत, तिचे ओले हात माझ्या केसांत असताना, मी ती खरीच घेतली.

झोळी सुटली, आई परत गेली. खांद्याचे व्यायाम झाले. मी सायकल विकायला काढली नाही, आणि एका रविवारी पुन्हा ढिगापाशी गेले. नुसती बघायला, असं स्वतःला सांगून.

आमच्यात एक सीनियर होते, गढवालचे. डोंगरात सायकल चालवतच मोठे झालेले. ऑफिसात फार बोलत नसत, पण ढिगापाशी आले की मोकळे व्हायचे. मला बघून म्हणाले, "आ गई? एक बात कब से पूछनी थी. उस दिन तुम हवा में बैठ क्यों गई थी?"

"बैठ गई?"

"अरे, बिल्कुल सोफे पे बैठते हैं वैसे. सीट ने उछाल के फेंक दिया."

मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. चढाच्या टोकाला मागचं चाक वर येतं, त्याबरोबर सीटही वर येते. तुम्ही उभे असाल तर ती खालून निघून जाते, गुडघे धक्का खाऊन टाकतात. बसलेले असाल तर ती तुम्हाला डोक्यावर आपटते. भीती वाटली त्या क्षणी मी बसले होते.

आणि का बसले तेही मला लगेच कळलं. गावात मी सायकल शिकले तेव्हा पोरं पॅडलवर उभी राहून झपाझप मारायची. मी तसं केलं की आई दारातून ओरडायची, "सीटवर बस नीट! मुलीच्या जातीला शोभत नाही ते उभं राहणं, लोक बघतात." शाळेच्या चढावरसुद्धा मी दम लागेपर्यंत बसूनच पॅडल मारायची. घाबरलं की नीट बसायचं, हे अंगात इतकं मुरलं होतं की हवेतही मी नीट बसले.

मी त्यांना म्हणाले, "सर, मुझे उड़ाना नहीं है. बस खड़े रहना सिखा दीजिए."

"उड़ाना नहीं है तो खड़े रहके क्या करोगी? बस में जाओगी?"

पण शिकवलं. दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवून त्यांवर उभं राहायचं आणि सपाट जमिनीवर सायकल नुसती धावू द्यायची. कोपर आणि गुडघे सैल. नजर चाकाकडे नाही, पुढे. ऑफिसच्या मागच्या नव्या, रिकाम्या रस्त्यावर गतिरोधक होते, त्यांवरून जाताना पायांनी सायकल खाली दाबायची आणि मग तिला आपोआप वर येऊ द्यायचं. पुढचा ब्रेक विसरून जायचा. मग छोटा ढीग, हळू, दोन्ही चाकं मातीला चिकटलेली. चढताना पाय दुमडायचे, उतरताना लांब करायचे. "सायकिल को ऊपर आने दो, तुम मत जाओ," असं ते ओरडायचे. मी खाली उतरले की म्हणायचे, "हाँ, अब सोफा घर पे छोड़ के आई हो."

प्रत्येक रविवारी आईचा फोन यायचा. "कुठे आहेस?" "सायकलवर आले होते." "उडवत नाहीस ना?" "नाही." ते खरं होतं. फोन ठेवल्यावर तरीही चोरी केल्यासारखं वाटायचं, कारण मला उडवायची होती. मोडलेल्या हाडासाठी आई आपलं घर उघडं टाकून आली, आणि ते हाड जुळताच मी त्याच ढिगापाशी उभी होते. तिने भरवलेल्या घासांतून आलेली ताकद मी यासाठीच वापरत होते.

हळूहळू वेग वाढला. चाकं मातीला चिकटून राहीनात. टोकाला सायकल वर जाऊ पाहायची आणि मी तिला ब्रेक लावून खाली ओढायची. एकदा मागचं चाक घसरलं आणि मी आडवी होता होता वाचले. सर या वेळी हसले नाहीत.

"ये मत करो. इतनी स्पीड में टोक पे ब्रेक मारोगी तो फिर वही हड्डी जाएगी. या तो जाने दो, या छोड़ दो. बीच का रास्ता सबसे खतरनाक है, समझी?"

'टोक' हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता. एरवी मी हसले असते. तेव्हा मी हेल्मेट काढून ढिगाच्या सावलीत बसले, आणि दुपारी खोलीवर येऊन आईला फोन लावला.

"आई, ती शपथ सोड ना."

तिला कुठली म्हणून विचारावं लागलं नाही.

"का? पुन्हा पडायचंय?"

"नाही. आता शिकलेय मी. तेव्हा कसं करायचं तेच माहीत नव्हतं."

"कसं करायचं असतं?"

"उभं राहायचं असतं पॅडलवर. मी बसले होते. बसलेल्या माणसाला सीट उडवून टाकते."

"सीटवर बसलं म्हणून पडलीस?"

"हो."

"तू बसलीस कशाला मग?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि तिने गॅस बंद करायला कुणाला हाक मारली नाही.

"मीच सांगायची ना तुला," ती म्हणाली. "बस नीट म्हणून."

"तसं नाही गं, आई—"

"रोज ओरडायची मी."

"तू लहानपणी सांगितलेलं, त्याचा काय संबंध..."

"सुटली," ती म्हणाली.

घातलेली शपथ घालणाऱ्याने अशीच सोडायची असते. लहानपणी आम्ही खेळता खेळता दिवसातून कितीदा शपथा घालायचो आणि सोडायचो. आई तो शब्द त्याच घाईने म्हणाली, पण आवाज तसा नव्हता.

"आई, अशी नको सोडूस. तुला मनापासून वाटत असेल तरच."

"सुटली म्हटलं ना! किती वेळा म्हणायचं? सुटली, सुटली. डाळ लागतेय माझी." फोन बंद झाला.

मला हवं ते मिळालं होतं, आणि मी कॉटवर बसून रडले. मी तिला दोष द्यायला फोन केला नव्हता. पण "बसले होते" हे शब्द तोंडातून जाताना ते कुठे जाऊन लागणार हे मला कळत नव्हतं, असंही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. माझं दुखणं काढायला आई रेल्वेत बसून आली होती. तिच्या भीतीपुढे मी मात्र तिचाच अपराध ठेवला आणि वाट मोकळी करून घेतली.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले नाही. आईचाही फोन आला नाही; संध्याकाळी मीच केला, पण सायकलचं दोघींनीही काढलं नाही. पुढच्या रविवारी गेले.

सरांनी सगळ्यात बुटका ढीग दाखवला. आधी मी तो पायी चढून उतरले, उताराची माती बुटाने दाबून पाहिली, खडे बाजूला केले. मग दोनदा वेगाने येऊन शेवटी बाजूने निघून गेले, तसंच ठरलं होतं. तिसऱ्या वेळी गेले. पॅडल सपाट, कोपर सैल, नजर पलीकडच्या उतारावर. टोकाला पायांनी दाब दिला आणि सोडून दिलं. सायकल वर आली. सीट मांड्यांच्या मधून वर येऊन खाली गेली, मला न लागता. खाली काही नव्हतं, अगदी थोडा वेळ. मग दोन्ही चाकं उताराला लागली, गुडघे दुमडले, आणि मी किकरांच्या दिशेने सरळ चालले होते.

"वाह!" सर मागून ओरडले. "मैडम का सोफा गया!"

मी हातमोजा काढून तिथूनच घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"झालं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"काय झालं का?"

"सायकलचं. तुझी आई आता रविवारी तुझा फोन येईस्तोवर काही खात नाही. मागच्या वेळी तू संध्याकाळी केलास. तोवर तशीच होती, चहासुद्धा नाही."

"मी तर गेलेच नव्हते मागच्या रविवारी!"

"ते तिला काय माहीत?"

मागून आईचा आवाज आला, "काय सांगत बसलात हो तिला? द्या इकडे." तिने फोन घेतला. मी म्हणाले, "आई, असलं काही करू नकोस. शपथ सोडलीस ना तू?"

"सोडली की. मी काय तुला नाही म्हणतेय? मला सकाळची भूक नसते हल्ली."

मी चिडले, विनवलं, रक्तदाबाचं सांगितलं, नवस-उपवासांवर माझ्याच पैशाने घेतलेल्या फोनवरून भाषण दिलं. ती सगळं ऐकून घेते आणि पुढच्या रविवारी तेच करते. शपथ ती एका शब्दात सोडू शकली, हे तिला सोडता येत नाही, आणि मला सायकल सोडता येत नाही.

आता मी उजाडताच निघते. बाकीचे ऊन चढेपर्यंत थांबतात, परतताना पराठे खातात, मला म्हणतात, "इतनी जल्दी क्या है यार?" मी अंग गरम करते, ढीग तपासते, थोड्या उड्या घेते आणि थांबते, आणखी घ्याव्याशा वाटत असल्या तरी. मग घामेजल्या हाताने फोन लावते.

"झालं," मी म्हणते. "जेव आता."

"बरं," ती म्हणते, आणि फोन ठेवायचा राहून जातो. ताट घेतल्याचा आवाज येतो, बाबांना काहीतरी बोलल्याचा, पाट सरकवल्याचा. ती पहिला घास खाईपर्यंत मी ढिगापाशी तशीच उभी असते.