स्कॅन केलं की मावशींचं नाव यायचं

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतेय. ओळखीच्या एकाही माणसाजवळ मी हे बोललेले नाही — नवऱ्याजवळ नाही, हदगावला आईजवळ नाही. नवऱ्याला सांगायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा बोलणं गॅसच्या सिलिंडरवर नेलं. गोष्ट तर केव्हाच मिटली, कागद फायलीला लागले, मला विचारायला आता कुणी येणार नाही. तरी अनोळखी नंबरचा फोन वाजला की मी तो उचलत नाही. का उचलत नाही, ते आज सांगून टाकते. म्हणजे — सांगायचा प्रयत्न करते.

मी लातूरला जीवशास्त्र शिकवते. मेडिकलच्या परीक्षेसाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं-पोरी इथं येतात, त्यांना पेशी आणि वनस्पती शिकवायच्या, हेच काम. त्या वेळी मी एका मोठ्या क्लासमध्ये नोकरीला होते. क्लासच्या मालकांना सगळे ‘सर’ म्हणायचे. नोकरीवर घेताना सरांनी माझ्याकडून एक करार लिहून घेतला आणि माझी मूळ प्रमाणपत्रं आपल्या कपाटात ठेवून घेतली. करारात स्पष्ट होतं — बाहेर शिकवायचं नाही, स्वतःच्या नोट्स विकायच्या नाहीत. माझ्याआधीच्या एका मॅडमनी विकल्या होत्या. त्यांची प्रमाणपत्रं किती महिने अडकली, हे सर आम्हाला मीटिंगमध्ये हसत हसत सांगायचे.

आणि मी विकायला लागले. मला भीती वाटत नव्हती, असं समजू नका. मी जन्माची भित्री आहे. पण मी काढलेल्या आकृत्या पोरींना आवडायच्या. हृदय, मूत्रपिंड, फुलाचा छेद — एकेका कार्डावर एकेक. एका पोरीनं ती कार्डं झेरॉक्स करून नांदेडच्या मैत्रिणीला पाठवली, तिनं आणखी कुणाला. मला वाटलं, लोक फुकट फिरवतायत, मग आपण छापून का विकू नयेत? मावसभावानं एक छोटंसं वेब-दुकान उभं करून दिलं. त्यावर माझं नाव कुठंच नव्हतं. पूर्ण संच, कुरियरसकट, सातशे एकोणपन्नास रुपये.

दुकान झालं, पण पैसे घ्यायचे कसे? इथं तुम्हाला कंटाळा येईल, तरी ऐका, कारण माझं सगळं पाप इथंच सुरू झालं. मी पेपर तपासायचे सोडून आठवडाभर हाच अभ्यास केला. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या शेकड्याला दोन रुपये आणि वर कर कापायच्या. तेवढं सोसलं असतं एक वेळ. पण त्यांना पॅन कार्ड हवं, खातं हवं, पत्ता हवा, आणि दुकानाच्या पानावर मालकाचं नाव छापायला हवं. पार्सल पोचल्यावर पैसे घ्यायचे म्हटलं, तर कुरियरवाला जास्त घेणार आणि निम्मी पार्सलं परत येणार. सगळ्यात स्वस्त एकच — यूपीआयचा कोड. कापाकापी नाही, कागद नाहीत. साधं बचत खातं चालतं.

फक्त एक अडचण होती. कोड स्कॅन केला की खातेदाराचं नाव समोर उमटतं. आमच्याच क्लासमधल्या एखाद्या पोरीनं स्कॅन केला असता, तर मोठ्या अक्षरात माझं नाव. मग संध्याकाळपर्यंत ते सरांच्या टेबलावर.

त्या वेळी मी एकटी राहायचे आणि सुभद्रामावशींच्या खानावळीत जेवायचे. मावशी भूकंपात गेलेल्या एका गावच्या. नवरा आणि थोरला मुलगा ढिगाऱ्याखाली गेले, पदरात तान्ही मुलगी राहिली. मदतीचा चेक आला तेव्हा बँकेत त्यांचं पहिलं खातं उघडलं. कारकुनानं न विचारता त्यांचा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. हे त्या मला भाकरी थापता थापता सांगायच्या. बोलताना हात थांबायचा नाही, पण अंगठा वेगळा धरायच्या. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना त्या शाळेच्या एका बाईंकडून लिहायला शिकल्या आणि स्वतः बँकेत जाऊन अंगठ्याच्या जागी सही लावून आल्या. पुढं लातूरला आल्या, धुणीभांडी केली, मग ही खानावळ. भावाच्या खात्याला जोडून घे, मुलीचं नाव घाल, असं कितीजणांनी म्हटलं. त्यांनी कुणाचं नाव घालू दिलं नाही. किराणा, सिलिंडर, खोलीचं भाडं, सगळं त्याच एका खात्यातून चालायचं. गेल्या काही वर्षांत खानावळीच्या भिंतीवर त्यांचा कोड लागला होता, आणि तो त्या सकाळी ओल्या फडक्यानं पुसायच्या.

त्या कोडचा मी फोटो काढला. परवानगी घेतली — तेवढी लाज होती. म्हणाले, मावशी, माझ्या खात्याची काही अडचण आहे, थोडे दिवस माझ्या पोरींचे पैसे तुमच्याकडं येऊ द्या. कसले पैसे, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "येऊ द्या की वो मॅडम, खातं काय जेवायला मागतंय का," म्हणाल्या. रोज दुपारी जेवायला गेले की मी त्यांच्या फोनवर आलेले पैसे बघायचे, आणि आठवड्याला मी सांगेन तेवढे त्या मला रोख द्यायच्या, कुणी किती पाठवले ते न बघता. मी स्वतःला किती हुशार समजले होते! शेकडा दोन रुपये वाचले आणि नावही झाकलं.

पाच-सहा महिने असं चाललं. मग एके दिवशी दुपारी गेले, तर मावशी चुलीपुढं नव्हत्या. आत पोत्यावर बसल्या होत्या. किराणावाल्याला पैसे पाठवायला गेल्या तर जाईनात, म्हणून बँकेत जाऊन आल्या होत्या. बँकेनं सांगितलं, खातं गोठवलंय. लांबच्या कुठल्या राज्यातल्या पोलिसांकडून आदेश आलाय, चोरीचे पैसे तुमच्या खात्यात आलेत. त्यांच्या हातात बँकेनं दिलेला कागद होता. त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

कागदावर आकडा होता — सातशे एकोणपन्नास.

मला सगळं तिथल्या तिथं कळलं. कुणाच्या तरी खात्यातून चोरलेले पैसे फिरत फिरत माझ्या एखाद्या गिऱ्हाइकाकडं आले होते, आणि त्यानं त्यातून कार्डं मागवली होती. त्याचा नंबर, पत्ता, कुरियरची पावती, सगळं माझ्या फोनमध्ये होतं. तो फोन माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स माझ्या मांडीवर. बँकेत जाऊन एवढंच दाखवायचं होतं, की हे पैसे मालाचे आहेत, माल मी पाठवलाय, दुकान माझं आहे.

दुकान माझं आहे. हे चार माणसांसमोर म्हणायचं, आणि मग नोकरी, करार, कपाटातली प्रमाणपत्रं — मी पर्सची चेन ओढून घेतली.

मावशी म्हणाल्या, "साडेसातशेला एक कमी. आसं कोन देतंय वो? मॅडम, तुमच्या पोरींचं तर न्हाई?"

त्यांनी सरळ विचारलं होतं. मी सरळ खोटं बोलले. म्हणाले, नाही हो मावशी, माझ्या पोरी असला आकडा नाही पाठवत. आणि तेवढ्यावर थांबायचं ना? नाही थांबले. म्हणाले, "तुम्हीच कुठं चुकून बोट लावलं असेल. हल्ली कसल्या कसल्या लिंक येतात."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. "लावलं बी आसंल," म्हणाल्या.

त्याच दुपारी मी दुकानाचं पान बंद करवलं आणि फोनमधल्या ऑर्डरी पुसल्या. घरातल्या कुरियरच्या कागदी पावत्या टरकावून तीन वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकल्या. सिनेमातल्या चोरासारखी मी लातूरच्या रस्त्यानं कचराकुंड्या शोधत फिरत होते. घरी आल्यावर मला ताप भरला. दोन दिवस मी रजेवर होते, आणि जिन्यावर कुणाचा पाय वाजला तरी उठून बसत होते.

मावशींची गत त्याहून वाईट. त्यांनी भिंतीवरचा कोड उतरवला. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, जणू तो बाहेरून कुणाला हाक मारील. एसटीचे एक कंडक्टर तिथं रोजचे जेवणारे होते. ते खाकीत दारात आले की मावशी दचकून भिंतीला टेकायच्या, मग ओळख पटायची, मग हसायच्या. ते हसू मला बघवायचं नाही. पण मी जात राहिले. जेवायला गेले नसते तर संशय आला असता — हे खरं कारण. त्यांना धीर द्यायला जाते, असं मी स्वतःला सांगत होते.

किराणा रोखीनं आणावा लागे, तो पुरेना. जेवणाऱ्या पोरी कमी झाल्या. अहमदपूरला दिलेली त्यांची मुलगी येऊन म्हणाली, बंद कर आई हे सगळं, चल माझ्याकडं. मावशी गेल्या नाहीत, पण मुलीपुढं पहिल्यांदाच मान खाली घालून बसल्या. मी तिथं होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. तुम्ही विचाराल, का नाही बोललात? मीही विचारते. उत्तर तेच येतं — घाबरले. यापेक्षा मोठं काही सापडत नाही.

आता जे सांगायचंय, त्याच्याच भोवती मी इतका वेळ फिरतेय.

तीन महिन्यांनी बँकेतल्या साहेबांनी मार्ग सुचवला. बाईंना यातलं काही समजत नाही, असा अर्ज द्या, तिकडं पाठवतो, अडाणी माणूस म्हटलं की ते फार ताणत नाहीत. मावशींनी अर्ज लिहायला मला सोबत नेलं. लातुरात दुसरं कोण होतं त्यांना? मी बँकेच्या बाकावर बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं — ‘मी अशिक्षित असून मला मोबाइलमधील काही समजत नाही. सदर रक्कम माझ्या अज्ञानामुळे माझ्या खात्यात आली असावी.’

मावशींनी कागद घेतला. बोट ठेवून वाचत गेल्या. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. मी खिडकीकडं बघत राहिले.

"हे आसंच लिवावं लागतं का?"

मी म्हणाले, "हो. असंच लिहितात."

त्यांनी खाली सही केली. पूर्ण नाव, एकही अक्षर न जोडता, सुटं सुटं, स्वच्छ. काउंटरवरच्या मुलानं अर्ज पाहिला आणि परत सरकवला. अशिक्षित लिहिलंय आणि खाली सही, हे कसं चालेल, म्हणाला. अंगठा लावा, आणि साक्षीदाराची सही घ्या. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी दुसरा कागद घेतला आणि तोच मजकूर पुन्हा लिहिला. दुसऱ्यांदा लिहिताना मला थांबता आलं असतं. अक्षर उलट पहिल्यापेक्षा सुबक आलं.

मावशींनी स्वतःच अंगठा पुढं केला, पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. साक्षीदार म्हणून मी सही केली — अशी वेडीवाकडी, की माझं नाव कुणाला वाचता येऊ नये. तिथंही मी नाव लपवलं. बाहेर आल्यावर त्या नळाखाली अंगठा किती वेळ चोळत होत्या, ते मी बघितलं.

पुढं दोनेक महिन्यांत खातं उघडलं. मावशींनी मला जेवायला बोलावून पुरण घातलं. मी खाल्लं.

वर्षभरानं मी तो क्लास सोडला. प्रमाणपत्रं मिळाली, काही त्रास झाला नाही. सरांनी निरोपाला पेनचा संच दिला. ज्याला एवढी घाबरले ते इतकंच होतं. आता माझं वेब-दुकान उघड चालतं, कंपनी शेकडा दोन कापते, पानाच्या तळाशी माझं पूर्ण नाव आहे. मावशींना मात्र मी आजही काही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडं जेवायला गेले होते. पाच-सहा पोरी जेवत होत्या, त्यातली एक नवीन होती. तिनं हात धुऊन फोन काढला आणि विचारलं, मावशी, तुमचा कोड कुठंय? मावशी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "न्हाई गं बाई. मी अडानी हाय, मला त्यातलं काय कळत न्हाई." पूर्वी हा शब्द दुसऱ्या कुणी त्यांच्यासाठी वापरला असता, तर त्यांनी त्याला ताटावरून उठवलं असतं. आता त्या तो सहज म्हणाल्या, सवयीनं. मग माझ्याकडं हात करून त्या पोरीला सांगितलं, "एकदा लई मोठ्या भानगडीत घावले होते. ह्या मॅडमनं सोडवलं बघ मला."

ती पोरगी माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवला. मावशींनी आणखी वरण वाढलं, आणि मी नको म्हणाले नाही.