बंगल्याची मागची बाजू

चौरंगाची उंची टेपने मोजून मी वहीत लिहीत होतो, तेवढ्यात आतून प्रश्न आला.

"सुतार आलाय काय गो?"

"सुतार नाय, आर्किटेक्ट हाय," हिरामावशींनी बसल्या जागेवरून जावेला सांगितलं.

"मंग चौरंग कशाला मोजतोय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही. चहा आला. सोबत आलेल्या खारी बिस्किटांवरून मी ओळखलं की सुतारापेक्षा माझा मान थोडा जास्त आहे.

माझा धंदा जरा विचित्र आहे. मी आर्किटेक्ट, पण नवीन काही बांधत नाही. ठाण्याला नौपाड्यात छोटं ऑफिस आहे, तिथे आम्ही जुन्या इमारतींचं डॉक्युमेंटेशन करतो. म्हणजे इमारत सगळीकडून मोजायची, ड्रॉइंग काढायची, तिचा इतिहास जुळवायचा आणि या सगळ्याचा जाडजूड रिपोर्ट करायचा. माझी मुलगी शाळेत सांगायची, "बाबा जुन्या घरांचे डॉक्टर आहेत." कॉलेजात गेल्यावर तिने त्यात दुरुस्ती केली. "डॉक्टर नाही, पोस्टमॉर्टेमवाले." दुर्दैवाने दुसरं जास्त बरोबर आहे.

शहाडला उल्हास नदीच्या बाजूला एक बंगला होता. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने बांधलेला. पुढे तो एका कारखान्याकडे गेला, कारखान्याचे मॅनेजर तिथे राहिले, मग कारखानाच बंद पडला आणि जमीन बिल्डरने घेतली. जुन्या वास्तू बघणाऱ्या समितीने पाडायच्या परवानगीला एक अट जोडली. आधी बंगल्याची पूर्ण नोंद करा. चारही बाजू, मूळ रूपात. ती नोंद पास झाली की पाडा. ते नोंदीचं काम माझ्याकडे आलं.

तीन बाजू सोप्या होत्या, त्या उभ्याच होत्या. चौथी, म्हणजे मागची, नव्हती. कारखान्याच्या काळात कुणीतरी मागचा व्हरांडा तोडून तिथे सिमेंटचं गोडाऊन चिकटवलं होतं. मूळची मागची बाजू कशी होती, ते कागदावर कुठेच नव्हतं.

अशा वेळी आम्ही जुन्या फोटोंच्या मागे लागतो. त्या काळी साहेबलोक आपल्या बंगल्याचा फोटो पोस्टकार्डावर छापून घ्यायचे आणि विलायतेला आईबापांना पाठवायचे. बघा, तुमचा मुलगा कसा राहतो! ती पोस्टकार्डं आता तिकडच्या नातवंडांनी विकायला काढलेली असतात, ऑनलाइन मिळतात. मला या बंगल्याची तीन मिळाली. तिन्हींवर पुढची बाजू. कमानी, कुंड्या, वेताच्या खुर्चीत मडम, आणि एकदम कडेला माळी. तो हलला असावा, त्याला चेहराच नव्हता.

मागची बाजू एकावरही नव्हती. आणि का असावी? आपल्या घराची मागची बाजू कोण पोस्टकार्डावर छापतं? आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटची मागची बाजू म्हणजे ओले टॉवेल आणि शेजाऱ्यांचा गळका एसी.

हिरामावशी मला साइटवर भेटल्या. बंगल्याला लागूनच त्यांचं गाव. गाव म्हणजे आता चार बिल्डिंगींच्या मधल्या दोन गल्ल्या. भातशेती केव्हाच गेली. मावशी अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. त्यांची आई मॅनेजरांच्या काळात बंगल्यावर झाडलोट करायची. मी गोडाऊनच्या भिंतीकडे हताशपणे बघत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय शोधताय?"

"मागचा व्हरांडा."

"तो इथं नाय. तो आमच्या घरात हाय."

मला वाटलं, लाकूडफाटा उचलून नेला असेल. तसं नव्हतं. गावात लग्न झालं की नवरानवरीला फोटोसाठी बंगल्यावर न्यायची पद्धत होती. गावातली घरं अंधारी, कॅमेऱ्याला उजेड पुरायचा नाही. कल्याणहून फोटोग्राफर यायचा आणि वऱ्हाड बंगल्याच्या पायऱ्यांवर उभं करायचा. पुढच्या पायऱ्यांवर नाही. तिथे गावच्या माणसाला मनाई होती, ती साहेब गेल्यावरही कुणी उठवली नाही. मागच्या पायऱ्यांवर. त्या मावळतीकडे होत्या, संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर यायचं. गावातल्या जवळपास प्रत्येक घरात तसा एक तरी फोटो होता.

म्हणजे बंगल्याची पुढची बाजू विलायतेत जपली गेली आणि मागची या दोन गल्ल्यांमध्ये.

मावशींनी घरोघरचे अल्बम जमा केले. मी ते एकेक करून बघायला लागलो. सगळे लोक नवरीकडे बघतात, मी नवरीच्या मागे बघतो. कुणाच्या आजोबांच्या फेट्यामागे खांबाचं टोक दिसलं की मला आनंद व्हायचा आणि आजोबा जरा डावीकडे का सरकले नाहीत म्हणून चुकचुकायचो. नातवंडं माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायची.

सगळ्यात चांगला फोटो मावशींच्या स्वतःच्या लग्नाचा होता. त्यात अर्धगोल पायऱ्या पूर्ण दिसत होत्या, वरचे साधे लाकडी खांब, कौलांची उतरती कड, सगळं. नवरानवरीच्या पुढे चौरंग होता, आणि तो चौरंग अजून घरात होता. फोटोवरून मोजमाप काढायचं तर फोटोतली एक तरी वस्तू प्रत्यक्ष मोजता यावी लागते. मग तिच्या हिशेबाने बाकीचं निघतं. म्हणून मी चौरंग मोजत होतो.

फोटोच्या कडेला, एका खांबाला हात टेकून, एक ठेंगणी बाई उभी होती. पदर डोक्यावर, नजर भलतीकडेच.

"ही कोण?"

"आई माजी. तिचा येवढाच फोटो हाय. तिला फोटोत यायचं नव्हतं. फोटोग्राफर ओरडला, बाई, हलू नका, तशी उभी राहिली."

मी मोबाईलवर त्याची कॉपी काढली. मावशींनी चहाचा कप उचलला आणि सहज विचारलं, "मंग तुमचं पुस्तक झालं का बंगला वाचंल ना?"

हा प्रश्न मला दर साइटवर कुणीतरी विचारतं. सरळ उत्तर द्यायचं, असा माझा नियम आहे.

"नाही मावशी. पुस्तक झालं की पाडायला परवानगी मिळेल."

"आं?"

"नोंद पूर्ण झाल्याशिवाय पाडता येत नाही, अशी अट आहे."

मावशी अंगणवाडीत वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आल्या होत्या. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हंजे आमचे फोटो नसले, तर पुस्तक अर्धवट."

"हो."

"आनि पुस्तक अर्धवट, तर बंगला उभा."

"सध्यापुरता."

त्यांनी अल्बम मिटला. बाकीचे अल्बमही आपल्या मांडीवर ओढून घेतले. "भाऊ, मोबाईलमधले पुसा."

घरातला फोटो मालकाच्या लेखी परवानगीशिवाय रिपोर्टात घ्यायचा नाही, अशी आमची पद्धत आहे. मी त्यांच्यासमोर एकेक करून सगळे पुसले.

"आता त्या कचऱ्याच्या डब्यातनं पन काढा. नातवानं दाखवलंय मना, तिथं म्हैनाभर राहतात."

तिथूनही काढले. आतून जाऊबाईंचा आवाज आला, "सुतार गेला काय?"

बिल्डरचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. तिथले प्रोजेक्ट मॅनेजर सावंत हे अतिशय सभ्य गृहस्थ आहेत. कधी आवाज चढवत नाहीत. मागच्या बाजूसाठी पुरावा नाही, समितीकडून मुदत वाढवून घ्या, असं मी त्यांना सांगितलं.

"सर, मागची बाजू कुणी पाहिलीये?"

"तोच प्रश्न आहे ना."

"मग तेच उत्तर पण आहे. पुढची बाजू आहे तुमच्याकडे. तीच मागे टाका. मिरर कमांड. दोन मिनिटांचं काम."

"पुढे कमानी आहेत. मागे साधे खांब होते. मी पाहिलेत फोटोत."

"फोटो द्या मग."

"फोटो नाहीत."

सावंतांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. ड्रॉइंग तयार होतं. आमच्या भाषेत त्याला एलेव्हेशन म्हणतात, म्हणजे इमारतीची एक बाजू समोरून सपाट काढलेली. बंगल्याच्या मागे डौलदार कमानी, कुंड्यासुद्धा. खरं सांगतो, दिसायला फार सुंदर होतं.

"याच्यावर मी सही करणार नाही," मी म्हणालो.

"नका करू. राग नाही. पण कुणीतरी करेल. तुमच्या लाइनीत आर्किटेक्ट काय कमी आहेत? महिनाअखेरपर्यंत थांबतो मी, तुमच्यासाठी म्हणून."

एवढ्या सभ्यपणे कुणी बोललं की भांडताही येत नाही. मी दोन हात जोडून बाहेर पडलो आणि रिक्षात बसल्यावर मला तीन उत्तम उत्तरं सुचली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या मावशींना सांगून टाक. त्या बिचाऱ्या समजत असतील, आपण बंगला वाचवला."

गेलो. मावशी दारातच भेटल्या, चेहरा खुललेला. "थांबलं ना काम?"

"नाही मावशी." मी सावंतांच्या ड्रॉइंगचा प्रिंट त्यांच्या हातात दिला. "तुमच्या फोटोंशिवाय ते हे लावणार."

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही तर पुढली बाजू."

"त्यांनी तीच मागे दाखवलीय."

"मागं कमानी कुटं होत्या? पायऱ्या कुटं हायत?"

"यात नाहीत."

"आनि हे सरकारात जानार? कायमचं?"

"हो. पुढे कुणी बंगल्याची माहिती काढली तर हेच मिळेल."

मावशींनी प्रिंटची घडी घातली, पुन्हा उघडली. त्या दिवशी चहा मिळाला नाही आणि मी मागण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

"ते चित्र तू त्यांना मुद्दाम दाखवलंस का?" रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"तूच म्हणालीस, सांगून टाक."

"सांग म्हणाले. दाखव नव्हते म्हणाले."

मी आमटी वाढून घेतली. चविष्ट झालीय, असं मी म्हणालो.

महिना संपत आला आणि एका दुपारी मावशी नौपाड्यातल्या ऑफिसात आल्या. शहाडहून इथपर्यंत एकट्या, कापडी पिशवीत अल्बम घेऊन. बसा म्हटलं तर बसेनात.

"आमच्या घरात दोन दिस भांडान चाललंय. जाऊ म्हनते, देऊ नको. पोरगा म्हनतो, तू दिलंस काय नि नाय दिलंस काय, पाडनारच." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "बंगला काय माज्या बापाचा नव्हता. पुढनं आमाला कदी घेतलंच नाय. मागनंच जायचो, मागनंच यायचो. ती येकच बाजू आमची होती. आता तिच्या जागी पन त्यांच्याच कमानी? मंग आमी उभे कुटं होतो?"

मी परवानगीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"कुटं सही करायची?" त्यांनी विचारलं.

त्यावर त्यांनी अंगणवाडीच्या फळ्यावर लिहावं तसं गोल, सुटं नाव लिहिलं. मी स्कॅन करेपर्यंत त्या खिडकीपाशी उभ्याच राहिल्या. अल्बम परत पिशवीत घालून घेतल्यावरच पाणी प्यायल्या.

त्यांच्या लग्नाच्या फोटोवरून मी मागची बाजू काढली. चौरंगावरून पायऱ्यांची उंची, पायऱ्यांवरून खांब, खांबांवरून छप्पर. ड्रॉइंगमध्ये इमारतीशेजारी एक माणूस काढायची आमच्याकडे पद्धत आहे, इमारत केवढी ते कळावं म्हणून. कॉम्प्युटरमध्ये तो तयारच मिळतो. सहा फुटी, पँट घातलेला, हातात बॅग. तो मी काढून टाकला आणि फोटोतून मोजून, खांबाला हात टेकलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई काढली. पाच फुटांना थोडी कमी.

समितीच्या बैठकीत एका सदस्याने मागच्या बाजूचं खास कौतुक केलं. इतका पक्का पुरावा क्वचित बघायला मिळतो, म्हणाले. ती बाई कोण, हे कुणी विचारलं नाही. रिपोर्ट पहिल्याच बैठकीत पास झाला. मुदतवाढ नाही, शेरा नाही, दुरुस्ती नाही.

रिपोर्टाची एक प्रत मी मावशींना नेऊन दिली. त्यांनी ते पान उघडलं, पायऱ्यांवरून बोट फिरवलं, खांब मोजले आणि बोट त्या बाईवर थांबवलं.

"बरोबर हाय," म्हणाल्या. मग पान मिटून म्हणाल्या, "आता कवा पाडतील?"

त्याच आठवड्यात पाडला. मी गेलो नव्हतो. मावशी गेल्या होत्या, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. आधी गोडाऊन पाडलं, तेव्हा त्याच्या आत जुन्या पायऱ्यांच्या खालच्या दोन निघाल्या. अर्धगोल. जेसीबीवाल्याला जेवणाची सुट्टी होईपर्यंत त्या उघड्या होत्या. मावशी तेवढा वेळ तिथे बसून आल्या.

या व्यवसायात मी जे शिकलो ते थोडक्यात असं. आमचं काम कच्चं झालं तर इमारत दोन-चार महिने जास्त जगते, आणि चांगलं झालं तर लवकर जाते. तरी ते चांगलंच करावं लागतं, कारण मागे तेवढंच उरतं.

सावंतांनी परवा फोन केला. त्यांच्या ओळखीच्या एकाने ठाण्यात खाडीकडे जुना बंगला घेतलाय. "तुमचंच नाव दिलंय सर," ते म्हणाले. "म्हटलं, यांचा रिपोर्ट एका झटक्यात पास होतो."

मी थँक यू म्हणालो.