दहात तीन वेळा

दामूअण्णांना चहाला बोलावलं तर ते 'येतो' म्हणत नसत. 'दहात सात वेळा येईन' म्हणत, आणि बहुतेक येत. बेल्ह्याच्या बाजारात कुणी गाय दाखवून दुधाचा अंदाज विचारला, की म्हणत, "आठ ते अकरा लिटर." एक व्यापारी वैतागून म्हणाला, "राव, गायीलाच इचारतो. ती एक आकडा तरी सांगंल." सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते.

पुण्याला हवामानाच्या कचेरीतून निवृत्त होऊन अण्णा आमच्या आणे गावात, आमच्या शेजारी राहायला आले. समुद्रातलं वादळ किती जोर धरेल, याचं गणित मांडण्यात त्यांचा जन्म गेला होता. पाणी किती तापलंय, वरचं वारं किती आडवं येतंय, कालपासून जोर किती वाढला, हे जुन्या शेकडो वादळांशी ताडून उद्याचा आकडा काढायचा. "वादळ जाणार कुठं हे एक वेळ कळतं, अक्का," ते म्हणत. "पण अंगात बळ किती येईल, तिथं भलेभले घसरतात. म्हणून आकडा एकटा धाडू नये. चुकायची जागा त्याच्यासंगं धाडावी."

तेव्हा मी अगदी पोर होते, अठ्ठावन्न वर्षांची. बचत गटाची अध्यक्ष. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्याच शब्दावर चालतो, अशी माझी समजूत. अण्णा त्यावर नव्हते; माझ्या रोजच्या सुप्रभातांना कंटाळून बाहेर पडले होते. अरबी समुद्रातलं वादळ कोकणाकडे निघालं, तेव्हा ग्रुपवर टाकायला त्यांनी मला चिठ्ठी दिली. घाट चढेपर्यंत वादळ बहुतेक मोडेल. पण दहात तीन वेळा जोर टिकतो. पत्रे बांधून घ्या.

मला ते भित्रं वाटलं. मी पहिलं वाक्य तेवढं घेतलं, त्यातलं 'बहुतेक' गाळलं, पुढे 'निर्धास्त राहा' जोडलं आणि खाली नाव अण्णांचं टाकलं.

आमच्या पठारावर वाऱ्याला अडवायला काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गटातल्या जनाबाईच्या घराचे पत्रे उडाले. एक तिच्या उजव्या हातावर आला. मनगट कायमचं वाकडं झालं. चार दिवसांनी हात गळ्यात बांधून ती पारावर आली आणि सगळ्यांदेखत अण्णांना म्हणाली, "निर्धास्त राहा म्हणला व्हता तुमी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराला चिकटलेलं कुसळ काढत राहिले. चांगलं निघालेलं कुसळ पुन्हा शोधत राहिले.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

त्यानंतर त्यांना कुणी काही विचारीना. मी चहाला बोलावलं की ते नुसतं 'नको' म्हणत. त्यात मागंपुढं काही नसे. सांगून टाकू, असं मी तीन वर्षं रोज ठरवलं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दहाव्याला सगळा गाव आला, जनाबाई आली नाही. घाटावरून मी तशीच तिच्या ओट्यावर गेले आणि सगळं सांगितलं.

"रोज दारावरनं जायचा त्यो, अक्का," शेवटी ती म्हणाली. "तीन वरसं मी त्याला घोटभर पाणी इचारलं न्हाई."

मग उठली, आत गेली, आणि डाव्या हातानं तांब्या भरून आणून माझ्यापुढे ठेवला.